ग्रेडर चाचांच्या बारक्या उल्का

तारा तुटला की माणूस ओरडतो. "तो बघ, तो बघ!" म्हणतो, बोट दाखवतो, आणि शेजारच्यानं मान वळवेपर्यंत तिथं काहीच उरलेलं नसतं. मी आजवर पाहिलेल्या माणसांत एकटे ग्रेडर चाचा ओरडत नसत. एखादी उल्का पार या टोकापासून त्या टोकापर्यंत जळत जावी, मागं धुराची रेघ राहावी, गावातली कुत्री भुंकायला लागावीत, तरी बाजेवर उताणे पडलेल्या चाचांच्या तोंडून 'हं'सुद्धा निघायचं नाही. गोधडीखाली त्यांचा उजवा हात तेवढा हलायचा. पेन्सिलीचा खर्र आवाज यायचा आणि परत सगळं शांत व्हायचं.

गोधडीखाली एक लाकडी फळी असायची. तिच्यावर कागद लावून बोटाबोटाच्या अंतरानं आडवी सुतं ताणलेली असत. डाव्या हाताचा अंगठा एका सुतावर ठेवायचा, त्याच्या आधारानं अंधारात लिहायचं, आणि एक उल्का झाली की अंगठा खालच्या सुतावर न्यायचा. वेळ पाहायला रेडियमच्या काट्यांचं जुनं घड्याळ होतं. टॉर्चला छतावर बंदी होती. "दही लागते तसे डोये अंधाराले लागते," ते म्हणायचे, "मंधात हालवू नोको." सकाळी ओसरीवर बसून तो सगळा वेडावाकडा मजकूर ते शाईनं वहीत उतरवून काढत. अशा वह्यांनी त्यांचं एक कपाट भरलं होतं.

चाचा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी दर्यापुरापासून भातकुलीपर्यंत त्यांना दुसरं नाव नव्हतं. गाडीतला कापूस चिमटीत धरायचा, दोन्ही हातांनी ओढून धागा पाहायचा, उन्हात रंग पाहायचा आणि प्रत सांगायची. त्यावरून शेतकरी भांडले, रुसले, पण चाचांची नजर चुकली असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. ताऱ्यांच्या तेजालाही आपल्याकडे प्रतच म्हणतात. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, पाचव्या प्रतीचा जेमतेम दिसणारा. चाचांना त्यात नवल वाटत नसे. "कापूस असो का तारा, पह्यली प्रत कमीच निंगते," ते म्हणत. "बारकं जास्त. आभाय बी तसंच हाय." दहा ठळक उल्का दिसाव्यात, तर त्याच रात्री अंधुक, क्षणात विझणाऱ्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून निसटणाऱ्या कितीतरी जास्त असतात. त्यांना चाचा 'बारक्या' म्हणत आणि त्यांचा खरा जीव त्या बारक्यांवर होता. ठळक उल्का काय, बैलगाडीतल्या झोपलेल्या माणसालाही दिसते!

मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. उल्कावर्षाव म्हणजे काय ते मी फळ्यावर आकृती काढून फार छान सांगायची. पाहिला मात्र कधी नव्हता. आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या तायडे मॅडमना एकदा मी हे बोलले, तर त्या हसून म्हणाल्या, "आमच्या गावी या ना. आमच्याकडे एक चाचा हायेत, ते रात्रभर तारे मोजते." बारा-तेरा वर्षं झाली त्या गोष्टीला. ऑक्टोबर होता, पाऊस नुकताच ओसरलेला. मी आणि आमचे हे मोटारसायकलवरून तायडे मॅडमच्या गावी गेलो. गावाच्या टोकाला चाचांचं स्लॅबचं घर, छतावर तीन बाजा. एकीवर चाचा, एकीवर तसबीहचे मणी ओढणारी चाची, तिसरी पाहुण्यांची. आमचे हे खाली ओसरीवर जे आडवे झाले, ते थेट चहालाच उठले.

त्या रात्री मी मनसोक्त ओरडले. सकाळी चाचांनी वही मिटली आणि मला गंभीरपणे सांगितलं, "मॅडम, तुमी सत्तावीस डाव वरडल्या. त्यातल्या एकवीस मले दिसल्या. सहा तुमच्या एकल्याच्या हायेत."

"मग लिहा ना त्या सहा."

"माह्या वहीत कशा येतीन? मी कुठी पाह्यल्या? तुमची वही आना."

मी चेष्टा समजले. ती चेष्टा नव्हती. आपण पाहिलेली उल्का आपल्या वहीत, दुसऱ्यानं पाहिलेली त्याच्या वहीत. रात्री एकमेकांशी आकडे बोलायचे नाहीत. वाटलं ते लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं. शंका आली तर सोडून द्यायची. सकाळी तासातासाचे आकडे एकमेकांना वाचून दाखवायचे आणि मग ते परदेशातल्या एका संस्थेकडे पाठवायचे. जगभरातली आमच्यासारखी हौशी माणसं तिथं आपापल्या नोंदी पाठवतात. पूर्वी चाचा टपालानं पाठवत, पुढं माझ्या लॅपटॉपवरून जाऊ लागल्या. पुढच्या महिन्यात मी दोनशे पानी वही घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मला 'मॅडम' म्हणणं सोडलं आणि 'बेटा' म्हणायला सुरुवात केली.

काय रात्री होत्या त्या! आमच्या काळ्या मातीच्या मुलखात डोंगर नाही, टेकडी नाही. बाजेवर पडलं की डोळ्याच्या कडेपासून कडेपर्यंत नुसतं आकाश. डिसेंबरात हरभऱ्यावरची आंबूस ओल वाऱ्यावर यायची, लांब कुठं कोल्हे एकमेकांना हाका मारायचे, गोधडीची वरची बाजू दवानं जड व्हायची. दोन वाजून गेले की बाज जागेवर आहे की हळूहळू वर चालली आहे तेच कळेनासं व्हायचं. मग एक बारीक रेघ उमटायची, मिटायची, आणि शेजारून खर्र. माझ्याही पेन्सिलीचा खर्र. आम्ही दोघं एकाच क्षणी एकच गोष्ट पाहिली आणि त्याबद्दल बोललो नाही, यात मला कसलं सुख वाटायचं ते आजही सांगता येत नाही. पहाटेची अजान झाली की चाचा म्हणायचे, "चला, दुकान बंद," आणि नमाजाआधी वजू करायला खाली उतरायचे.

चाचीच्या मते तुटणारे तारे म्हणजे सैतानाला मारलेले दगड. एकदा मी चाचांना विचारलं, तुम्ही काय मानता. ते म्हणाले, "चाचीच्या मतानं सैतानाले मारलेला गोटा. तुह्या मतानं धूळ. माह्या मतानं तीन प्रतीची, आन दोन वाजून धा मिनटं." चंद्राशी मात्र त्यांचं उघड वैर होतं. चांदणं असलं की बारक्या बुडतात. "लोकाईची ईद चांद दिसला की होते, आपली नाही दिसला की," असं ते म्हणायचे आणि चाची त्यांना तौबा करायला लावायची. गावात विजेचे नवे पांढरे दिवे आले, त्यातला एक नेमका त्यांच्या घरासमोर बसला. चाचांनी अर्ज केला नाही की भांडण केलं नाही. वर्षावाच्या रात्री बांबूला पोतं बांधून ते दिव्यावर चढवत आणि सकाळी उतरवत. शेवटी लाइनमननंच हात जोडले. "चाचा, तुमी तारीख सांगत जा, मीच बंद करत जाईन," तो म्हणाला, आणि पुढं करतही गेला.

सुरुवातीची वर्षं चाचांचा आकडा नेहमी माझ्याहून मोठा असायचा. मला तेवीस तर त्यांना तीस. मग हळूहळू आम्ही बरोबरीला आलो, आणि एका डिसेंबरात सकाळी चहा घेताना त्यांनी दोन ते तीनच्या तासाचा आकडा वाचला, "अडतीस." मी वाचला, "बावन्न."

"बावन?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं परत विचारलं, "बावन?" मग हसून म्हणाले, "तरने डोये हाय बाप्पा." पण त्यांनी चहा तसाच ठेवला आणि शेताकडं निघून गेले.

मी पेले घेऊन आत गेले. चाची कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून चुलीत घालत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बेटा, दो-चार कम बोल देती तो तेरा क्या जाता? रात भर ओस में पडे रहते, और सुबह को उनका मुँह उतर जाता."

तिचं चुकलं असं मला त्या वेळी वाटलं नाही. ज्या माणसानं मला आकाश दाखवलं, त्याचा सकाळचा चेहरा मला जपावासा वाटला. पण नुसता आकडा कमी सांगून भागलं नसतं, कारण वही तर त्यांच्यासमोरच असायची. म्हणून मी वहीतच कमी लिहायला लागले. एखादी बारकी दिसायची, पेन्सिल कागदाला टेकायची, मी शेजारच्या बाजेकडं कान द्यायची. तिकडून खर्र आलं नाही की मीही पेन्सिल उचलायची. ती उल्का दोन माणसांच्या डोळ्यांसमोरून जायची आणि कुणाच्याच वहीत जायची नाही. सकाळी आमचे आकडे जुळायचे, चाचा चहात पाव बुडवून खायचे, चाची माझ्याकडं बघून हळूच हसायची. दोन हिवाळे असे गेले.

त्या दोन हिवाळ्यांत चाचांच्या डोक्यात एक मोठी गोष्ट शिजत होती. त्यांच्या वह्यांप्रमाणं डिसेंबरचा वर्षाव मंदावत चालला होता. बारक्या कमी होत होत्या. "धूळ सरून राह्यली," ते म्हणत. इतक्या वर्षांच्या नोंदींतून निघालेली गोष्ट. ती कागदावर मांडून संस्थेला पाठवायची त्यांची इच्छा होती. त्यांनी तक्ते करायला घेतले. मला म्हणाले, "एकल्याची नजर कोनी मानत नाही. तुयी वही माही साक्षीदार हाय." सांगून टाकायला हवं होतं. चार वेळा तोंडापर्यंत आलं, चारही वेळा मी गिळलं.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर सतरंजी घातलेली, तिच्यावर त्यांच्या वह्या, माझ्या वह्या, हातात मोठं भिंग. "बस बेटा," ते म्हणाले. "हे पाह. मांगच्या डिसेंबरात मंगयवारी मी तापानं खाली पडलो होतो. वरत तू एकलीच होती."

"हो."

"त्या राती दोन ते तीनात तुह्या वहीत चवथ्या-पाचव्या प्रतीच्या एकोनतीस हायेत. बुधवारी मी वरत आलो. तेच आभाय, तोच वख्त. बारक्या किती? चार." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "दोन वर्साचं सारं पाह्यलं मी. जवा जवा मी बाजूले, तवा तवा बारक्या गायब. मी तापानं पडल्यावरच आभायाले बारक्या कशा काय सुचल्या?"

त्या एका रात्री खोटं लिहायचं मला कारणच नव्हतं, म्हणून मी खरं लिहिलं होतं. आणि ते पान वहीत तसंच राहिलं होतं. चाचांना वेगळं सांगायची गरज नव्हती. कापसात ओल लपवून आणणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती.

"किती सोडल्या?" त्यांनी विचारलं.

"मोजल्या नाहीत, चाचा."

"सोडल्या त सोडल्या," ते एवढ्या हळू म्हणाले की मला पुढं वाकून ऐकावं लागलं, "मोजल्या बी नाही?"

दारात चाची उभी होती. "मैंने बोली थी उसको," ती म्हणाली. चाचांनी तिच्याकडं पाहिलं. "तू त बोलशीनच. तुले उल्काईचं काय? पन हिले मी शिकवलं होतं." मी रडत होते आणि ते मला गप्प करत नव्हते. शेवटी स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "म्हंजे आभाय बराबर हाय. माहेच डोये गेले."

त्याच बैठकीत त्यांनी मला लॅपटॉप उघडायला लावला. त्या दोन वर्षांच्या आमच्या दोघांच्याही नोंदी काढून टाकाव्यात, असं संस्थेला कळवायचं होतं. मी म्हणाले, "चाचा, तुमच्या कशाला? फक्त माझ्या काढायला सांगते." त्यांनी मान हलवली. "तुह्या वह्या खोट्या, माह्या आंधळ्या. दोन्ही काढा म्हना त्याईले. लिव्ह." मी लिहिलं. माझ्या आयुष्यात मी इतकं छोटं आणि इतकं जड पत्र लिहिलेलं नाही.

मी चाचांना अकोल्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. यात समोरची नजर शाबूत राहते आणि कडेकडेनं दिसायचं कमी होत जातं, माणसाला पत्ताही लागत नाही. रोखून पाहिलेला तारा चाचांना स्वच्छ दिसत होता, पुस्तक दिसत होतं, सुईतला दोरा दिसत होता. बारकी उल्का मात्र नेहमी कडेनंच येते. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येत नाही, आहे ते राखू. दोन वर्षं आधी आला असतात तर पुष्कळ राखता आलं असतं." चाचांनी मान डोलावली. चाचांच्या वहीला हे डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. अडतीस आणि बावन्न, त्या चहाच्या वेळीच कळलं होतं, आणि ते मी प्रेमानं झाकून ठेवलं होतं. या गोष्टीची मला लाज वाटते. आजही वाटते, आणि वाटायलाच हवी.

नंतर कितीतरी महिने फोन नाही. मी केला तर चाची उचलायची, डोळ्यांत औषध घालायच्या वेळा सांगायची आणि आवाज बारीक करून स्वतःलाच बोल लावायची. मग डिसेंबर आला. एका संध्याकाळी चाचांचाच फोन, जणू मधे काही झालंच नाही. "आभाय निंगालं हाय. येतं का बेटा?"

मी गेले. तीन बाजा होत्या, फळी होती. चाचा नेहमीसारखे उताणे पडले आणि उरलेल्या नजरेनं पाहत राहिले. माझी पेन्सिल चालत होती. खर्र, खर्र, खर्र. शेजारी बराच वेळ काहीच नाही, मग एखादं खर्र. प्रत्येक आवाज त्यांना ऐकू जात होता. तरी मी एकही सोडली नाही.

सकाळी त्यांनी दोन ते तीनच्या तासाचा आकडा वाचला, "नऊ." मी वहीत बघत राहिले. "वाच ना व," ते म्हणाले.

"एकसष्ट."

"त्यातल्या बारक्या किती?"

"चाळीस."

चाचांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "म्हंजे हायेत अजून," ते म्हणाले. "मले वाटलं सरल्या." आणि त्यांनी चहात पाव बुडवला.

त्यानंतर तीन हिवाळे ते छतावर आले. आकडा नऊवरून पाचवर, पाचवरून दोनवर आला, पण वहीत तो दर तासाला लिहिला गेला. गेल्याच्या गेल्या वर्षी, उन्हाळा लागायच्या सुमाराला, दुपारचे झोपले ते उठले नाहीत. चाची आता अकोल्यात मुलीकडं असते. मी भेटायला गेले की जेवू घालते, मग आम्ही दोघी काही वेळ नुसत्या बसून राहतो. आमच्यात जे आहे ते आम्हाला माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तायडे मॅडमच्या छतावर बाज टाकली. चाचा गेल्यापासून त्याही वही घेऊन बसतात. मराठीच्या बाई असल्यामुळं प्रत्येक उल्केला विशेषण लावायची त्यांना खोड आहे, ती मी मोडत आणली आहे. सकाळी चहा झाला आणि आम्ही आकडे वाचले. दोन ते तीन, मला सत्तेचाळीस. त्यांना अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न?" मी विचारलं.

माझा चेहरा त्यांनी पाहिला असणार. लगेच म्हणाल्या, "मले काई इतकं समजत नाही, मॅडम. काही उगाच धरल्या असतीन मी. अठ्ठेचाळीस लिहू का?"

मी त्यांच्यावर एवढ्या जोरात ओरडले की चहाचा कप त्यांच्या हातून निसटता निसटता राहिला. "अठ्ठावन्नच लिहा! दिसल्या ना? मग अठ्ठावन्न!" त्या घाबरून बघत राहिल्या. मग मी त्यांचा हात धरला आणि त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच.

सोमवारी मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी माझं वय लिहिलं, चष्म्याचा नंबर लिहिला आणि मान वर न करता विचारलं, "काय त्रास होतोय?"

"त्रास काही नाही," मी म्हणाले. "अकरा उल्का कमी दिसल्या."